दिजों ते नीस: मोठा रस्ता की आडरस्ता?

पत्र, थोडक्यात:

"आम्ही नाशिकचे. मुलगी लियोंला शिकते, तिचा अभ्यासक्रम सप्टेंबरात संपतोय. मी, माझे यजमान आणि ७४ वर्षांच्या सासूबाई दहा दिवसांसाठी निघालोय. पॅरिसला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, लियोंहून मुलीला घ्यायचं आणि नीसला पोचून तिथून परतीचं विमान. यजमानांनी आखणी केली आहे: पॅरिस ते लियों एका दिवसात, लियों ते नीस एका दिवसात, सगळं मोटरवेने. बाकीचे दिवस तीन शहरांत. मुलीने पाठवलेल्या नकाशावर मी हिरव्या कडेचे छोटे रस्ते पेनाने गिरवून ठेवलेत आणि त्यावरून घरात रोज वाद होतोय. हे म्हणतात, 'समृद्धीवरून नागपूरला जाताना गावागावांतून जाऊ असं म्हणतेस का कधी? परक्या देशात आडरस्त्याला गाडी बंद पडली, आईला उलट्या सुरू झाल्या, तर हाक कुणाला मारायची?' सासूबाई मूळच्या निफाडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. शाकाहारी आहेत आणि घाटात त्यांना गाडी लागते हेही खरं. तुम्ही बरीच वर्षं तिकडे राहिलात. कुणाचं बरोबर?"

ताई,

तुमच्या गाडीत माणसं चार आणि मतं दोघांचीच. सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं त्यांना कशाचा त्रास होतो याबद्दल. त्यांना काय बघायचंय हे घरात कुणी विचारलेलं दिसत नाही. ते आज रात्री जेवताना विचारा. पुढे मी जो रस्ता सुचवणार आहे, त्याचा सुरुवातीचा भाग तुम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळणार आहे, म्हणून म्हणते.

आता वादाचं. मी लियोंमध्ये बारा वर्षं संसार केला. तुमच्या यजमानांच्या काळजीला मी हसणार नाही. ओतोरूत, म्हणजे तिथला एक्स्प्रेसवे, खरोखर चांगला आहे. दर दोन किलोमीटरला मदतीचा नारिंगी फोन, दहा-वीस किलोमीटरला थांबायची जागा, तिथे झाडाखाली बाकं आणि स्वच्छ संडास. ७४ वर्षांच्या बाईंना घेऊन निघाल्यावर हे फार महत्त्वाचं असतं. ताशी १३० ची मर्यादा, पावसात ११०. पॅरिसहून नीस साधारण ९३० किलोमीटर, टोल भरायची तयारी असेल तर एका दिवसातही होतं. पण त्या दिवसात दिसतं काय? रस्त्याकडेला मोठ्या तपकिरी पाट्या लागतात, चित्रांसकट: इथे अमुक मठ, इथे अमुक किल्ला, इथे अमुक द्राक्षमळे. पाटी सांगते आणि गाडी पुढे जाते. बोन गावाच्या पाटीवरून मी पहिल्या वर्षात निदान दहा वेळा गेले असेन. त्या पाटीमागचं गाव पाहायला मला दुसरं वर्ष उजाडलं, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

तेव्हा माझं उत्तर असं: दोन्ही रस्ते घ्या, पण कुठला कुठे हे आधी ठरवा. कंटाळवाणा आणि शहरी पट्टा ओतोरूतने ओलांडा, जिथे बघण्यासारखं आहे तिथे खाली उतरा. आणि आडरस्त्यावर किलोमीटर मोजूच नका, तास मोजा. दोन गावांमधल्या रस्त्यावर जुलै २०१८ पासून मर्यादा ताशी ८० ची आहे (काही जिल्ह्यांत काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केलीय, पाटी बघायची). गावात ५०, पुष्कळ ठिकाणी ३०. त्यात गोल चौक, ट्रॅक्टर, "अगं, इथे थांबूया ना" हे सगळं आलं. तासाला पन्नास किलोमीटर पडले तरी पुष्कळ. म्हणून आडरस्त्याचा दिवस दीडशे किलोमीटरचा धरा. घरोघरी भांडण होतं ते इथेच. एक्स्प्रेसवेचा हिशोब धरून छोट्या रस्त्याला लागायचं, दुपारी तीनला निम्मंही अंतर झालेलं नसतं, गाडी चालवणारा वैतागतो आणि दोष रस्त्याला मिळतो.

तुमच्या आखणीत मी पहिला बदल करेन तो पॅरिसचा. रात्रभराच्या विमानानंतर, उजव्या बाजूने चालवायची सवय नसताना, पॅरिसच्या रिंगरोडवर गाडी काढायला लावू नका. दोन रात्री पॅरिसमध्ये काढा आणि गार द लियों स्टेशनावरून वेगवान रेल्वेने दिजोंला या. दीड-पावणेदोन तासांचा प्रवास आहे. गाडी दिजोंला घ्या. गिअर बदलायची नसलेली हवी असेल तर आरक्षण करतानाच तसं स्पष्ट मागा. तिथे न सांगता मिळते ती बहुतेकदा हाताने गिअर टाकायची. यजमानांनी नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा, तो वर्षभर चालतो, आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा.

दिजों ते बोन हे अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. ओतोरूतने अर्धा तास. तुम्ही मात्र डी १२२ या रस्त्याने जा, पुढे तो डी ९७४ ला मिळतो. हा फ्रान्समधल्या सगळ्यात जुन्या द्राक्षमार्गांपैकी एक, १९३७ सालचा. गावं एकामागून एक येतात: फिसँ, जव्रे-शांबेर्तँ, वूजो, वोन-रोमाने, न्युई-सँ-जॉर्ज. सप्टेंबर म्हणजे तिथली तोडणी. ती काही वर्षी ऑगस्टअखेरीसच सुरू होते, पण पहिल्या पंधरवड्यात गेलात तर बहुधा सापडेल.

सासूबाईंना इथे पुढच्या सीटवर बसवा. त्यांनी पाहिलेली बाग म्हणजे डोक्यावर मांडव, खालून वाकून चालायचं, एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माल. इथे वेल कमरेइतकी, रांगा एकेक मीटरवर, हेक्टरी दहा हजार वेली, आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. इतक्या अरुंद रांगांत ट्रॅक्टर शिरणार कसा? तो शिरत नाही. उंच पायांचा ट्रॅक्टर असतो, वेलीच्या रांगेवरून दोन्हीकडे पाय टाकून चालतो, वेल त्याच्या पोटाखालून जाते. तो रस्त्यावर समोरून आला की पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडी थांबवतोच.

एका सप्टेंबरात मी वोन-रोमानेच्या जरा अलीकडे अशीच थांबले होते. पुढे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली चढ चढत होती. ट्रॉलीच्या मागच्या फळीतून रस गळत होता, डांबरावर काळपट ओली रेघ उमटत चालली होती आणि त्या रेघेवर गांधीलमाश्या बसत होत्या. आमची गाडी त्यावरून गेली तेव्हा टायरचा चिकट आवाज आला. काचा खाली केल्या तर वास गोड नव्हता, आंबूस होता, पिठाच्या आंबवणासारखा. सासूबाईंना तो वास ओळखीचा वाटेल की परका, हे मला खरोखर जाणून घ्यायला आवडेल.

अजून एक गोष्ट त्यांना दाखवा. डी ९७४ वर उभं राहून पाहिलं की एका अंगाला डोंगराकडे चढत जाणारा उतार आणि दुसऱ्या अंगाला सपाट जमीन. सगळ्यात नावाजलेल्या बागा चढाच्या अंगाला, उताराच्या मध्यावर. सपाटीवरच्या द्राक्षाला बहुतेक साधा भाव. उतारावर पाणी ठरत नाही, सकाळचं ऊन पहिलं लागतं, खाली चुनखडी आहे. वोन गावाच्या वर रोमाने-कोंती नावाची बाग आहे, भिंतीजवळ दगडी क्रूस उभा आहे, त्यावरून ओळखू येते. सगळी मिळून साडेचार एकर. जगातली सगळ्यात महाग वाईन ज्या थोड्या बागांतून निघते त्यांतली ही एक. बांध ओलांडला की भाव बदलतो, ही गोष्ट निफाडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अशा १२४७ तुकड्यांना तिथे स्वतंत्र नावं आहेत, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. फक्त बागेत पाऊल टाकू नका आणि मणी तोडू नका. तिथे भिंती ठेंगण्या आहेत, कुंपण नाही, पण बाग कुणाच्या तरी घामाची आहे. आणि चव घ्यायची असेल तर ती गाडी न चालवणाऱ्यांनी.

बोनला दोन रात्री राहा. १४४३ साली बांधायला घेतलेलं गरिबांचं रुग्णालय तिथे आहे, रंगीत कौलांच्या नक्षीचं छप्पर, आत रांगेने पडदे लावलेल्या लाकडी खाटा. बाकी गाव पायी फिरण्याजोगं आहे.

बोनहून लियोंला जाताना ए ६ हा ओतोरूत हाताशी असेल. तो घेऊ नका, निदान सकाळी घेऊ नका. शान्यीहून डी ९८१ धरा: जिव्री, ब्युसी, कोर्मातँ, क्लूनी. तुमच्या नकाशावर या पट्ट्यात हिरवी कड जागोजागी दिसेल. हा रस्ता मला फ्रान्समधल्या कुठल्याही नावाजलेल्या घाटापेक्षा प्रिय आहे. भव्य काही नाही. पांढऱ्या गायी, ओल्या कुरणांना झुडपांची कुंपणं, दगडी ठेंगणी देवळं, आणि बाजूने एक जुना रेल्वेमार्ग, ज्याचे रूळ काढून सायकलींचा रस्ता केलाय. घाट नाहीत, त्यामुळे सासूबाईंना गाडी लागायचं कारण नाही. क्लूनीचा मठ ९१० सालचा. त्याचं देऊळ एकेकाळी सगळ्या ख्रिस्ती जगात मोठं होतं; फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी ते दगडाची खाण असल्यासारखं फोडून विकलं, आज एक बाहू आणि त्यावरचा मनोरा तेवढा उभा आहे. रिकाम्या जागेत उभं राहून ते केवढं असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. क्लूनीहून माकोंला उतरा आणि तिथून तासाभराचा ओतोरूत लियोंपर्यंत. संध्याकाळी थकलेल्या माणसाने मोठ्या शहरात शिरायचं असेल तर मोठ्या रस्त्यानेच शिरावं. इथे यजमान बरोबर आहेत.

आता रस्त्यावरच्या गोष्टी, ज्या तुमच्या दोघांत वादाचं कारण होणार आहेत.

मोबाईलच्या नकाशावर "टोल टाळा" असं दाबलं की सुंदर रस्ता मिळतो, ही समजूत डोक्यातून काढा. टोल नसलेला रस्ता, जवळचा रस्ता आणि सुंदर रस्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टोल टाळायला सांगितलं तर मोबाईल तुम्हाला शहराबाहेरच्या गोदामांमधून, ट्रकच्या मागून, वीस गोल चौकांतून नेतो. जवळचा सांगितला तर शेतातल्या पाणंदीत नेऊन सोडतो. त्याला मधली गावं एकेक करून द्यावी लागतात. कागदी नकाशा हवाच, एका सेंटीमीटरला दोन किलोमीटर दाखवणारा, मिशलँ (Michelin) कंपनीचा. ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ तो देखणा. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतील तर तिथे तीव्र चढ किंवा उतार. सासूबाईंसाठी हिरवी रेघ शोधताना त्या खुणाही मोजा.

आणि रस्त्याच्या क्रमांकावर विसंबू नका. २००६ च्या सुमारास सरकारने बहुतेक राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले, तेव्हा एन ७४ चा डी ९७४ झाला, आणि एकच रस्ता जिल्ह्याची हद्द ओलांडली की दुसऱ्या क्रमांकाने चालू होतो. तिथली माणसं गावांच्या नावावर चालतात, पाट्याही गावांच्याच. निळी पाटी ओतोरूतकडे नेते, हिरवी मोठ्या शहराकडे मोठ्या रस्त्याने, पांढरी जवळच्या गावांकडे. तुम्ही पांढरीच्या मागे जा. आदल्या रात्री उद्याची दहा-बारा गावं क्रमाने कागदावर लिहून ठेवा, पाटीवरच्या रोमन स्पेलिंगमध्ये, आणि शेजारी देवनागरीत उच्चार. कारण पाटीवर एक्स (x) हे अक्षर दिसतं आणि लोक फिसँ, ब्युसी म्हणतात. वोनच्या स्पेलिंगमधला एस कुणीच उच्चारत नाही. कागद हातात असणारी व्यक्ती आणि स्टिअरिंग हातात असणारी व्यक्ती एकाच गावाबद्दल बोलत असली पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम उजवीकडून येणाऱ्याचा. छोट्या रस्त्यावर, जिथे दुसरी काही खूण नसते, तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जायचा हक्क आहे, मग ती गल्ली कितीही बारकी असो. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, दिसला तर हक्क तुमचा. तोच चौकोन काळ्या रेघेने छेदलेला दिसला तर संपला. ब्युसीच्या पुढे एका वाडीत एक म्हातारे गृहस्थ जुन्या रेनोतून उजवीकडून असे सरळ आले की माझा पाय ब्रेकवर आपटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी घरी येईपर्यंत रागात होते, नवऱ्याने नियम वाचून दाखवला तेव्हा कळलं, चूक माझी. गोल चौकात मात्र उलटं: आत असलेल्याला हक्क, आपण डावीकडे बघून थांबायचं, आणि फिरायचं घड्याळाच्या उलट्या दिशेने. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी लागली की तिथून ५० सुरू, वेगळी पाटी नसते. तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. मागे कुणी स्थानिक चिकटून आला तर दडपण घेऊ नका. इंडिकेटर देऊन कडेच्या जागेत थांबा, जाऊ द्या.

पेट्रोल शनिवारी भरून ठेवा. रविवारी खेड्यातला पंप बंद असतो आणि सुपरमार्केटबाहेरचा यंत्राचा पंप परदेशी कार्ड घेईलच असं नाही. एका रविवारी संध्याकाळी लाल दिवा लागलेली गाडी घेऊन मी तीन गावं फिरले आहे, शेवटी एका अनोळखी बाईंनी स्वतःच्या कार्डावर वीस युरोचं भरून दिलं आणि माझ्याकडून रोख घेतली. पंपावर "गाझोल" म्हणजे डिझेल, हे यजमानांना पाठ करायला सांगा. पेट्रोलच्या गाडीत गाझोल गेलं की त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपला.

हाक कुणाला मारायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ११२ हा क्रमांक सगळ्या संकटांना, कुठल्याही फोनवरून. गाडी बंद पडली तर भाड्याच्या कंपनीचा मदत क्रमांक, तो गाडी घेतानाच कागदावर उतरवून घ्या. चमकणारं जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. जाकीट डिकीत न ठेवता हाताशी ठेवायचं. आणि तिथल्या बारा वर्षांतला माझा अनुभव असा की आडरस्त्याला थांबलेल्या गाडीजवळ माणूस फार लवकर येतो. अट एकच, तोंडातून पहिला शब्द "बोंजूर" निघाला पाहिजे. दुकानात, बेकरीत, शेतात, कुठेही. तो न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि आपल्याकडे ती पद्धत नसल्याने आपण नकळत उद्धट ठरतो.

जेवणाच्या वेळेला मात्र तडजोड नाही. खेड्यातली खाणावळ बारा ते पावणेदोन. सव्वादोनला पोचलात तर खुर्च्या भरलेल्या असूनही स्वयंपाकघर बंद असतं. दुकानंही दुपारी मिटतात. सकाळी दहालाच बेकरीतून पाव, बाजारातून टोमॅटो, काकडी, फळं घेऊन ठेवा. गावाबाहेर लाकडी बाक बहुतेक ठिकाणी सापडतं. सासूबाईंसाठी "सां व्यांद, सां प्वासों", मांस नको, मासे नको, असं म्हणा. नुसतं "सलाड" मागितलं तर वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येण्याची शक्यता असते. बोनमध्ये चीजचे फुगीर गोळे मिळतात, गूजेर, पण त्यात अंडं असतं. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे न्या. पेढे, तूप आणि चक्का मात्र लेकीसाठी कितीही न्यावासा वाटला तरी नेऊ नका, बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात युरोपीय संघात नेता येत नाहीत.

लियोंचे दिवस तुमचे आणि मुलीचे, त्यात मी पडत नाही. गाडी तेवढे दिवस एका जागी लावून ठेवा.

लियोंहून नीस. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून ए ७ आणि मग ए ८, हा यजमानांचा रस्ता, साधारण पावणेपाचशे किलोमीटर. हाच तो रस्ता, जो १८१५ साली नेपोलियनने टाळला होता. एल्बा बेटावरून परत येऊन तो १ मार्चला नीसजवळच्या किनाऱ्यावर उतरला. ऱ्होनकाठची गावं राजाच्या बाजूची होती, वर्षभरापूर्वी त्याच वाटेने जाताना लोक त्याच्या अंगावर धावून आले होते. म्हणून त्याने डोंगरातली आडवाट धरली. ग्रासच्या पुढे गाड्यांची वाटच नव्हती, तोफा तिथेच सोडाव्या लागल्या, माणसं खेचरांच्या पायवाटेने बर्फातून चढली. ७ मार्चच्या रात्री तो ग्रनोबलमध्ये होता. त्या वाटेचा पुढे मोटारींचा रस्ता झाला, १९३२ पासून त्याला नेपोलियनचं नाव आहे. तुम्ही त्याचा दक्षिणेकडचा भाग उलट्या दिशेने, समुद्राकडे उतरत जायचा.

लियों ते ग्रनोबल ओतोरूत, सव्वाशे किलोमीटरच्या आत. ग्रनोबलहून मूळ नेपोलियन रस्ता लाफ्रेच्या चढाने जातो. तो चढ फार तीव्र आहे, तिथे भीषण बस अपघात झाले आहेत. मी तुम्हाला तिकडून पाठवणार नाही. त्याऐवजी डी १०७५ धरा, क्र्वा-ओत खिंडीतून. उंची ११७९ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी, आणि चढ इतका संथ की खिंड कधी आली ते पाटी वाचून कळतं. वाटेत उजव्या हाताला एकटा उभा कातळ दिसेल, माथा सपाट, कडे सरळसोट. मों एग्विय. १४९२ साली राजा आठव्या चार्ल्सने हुकूम सोडला की त्यावर चढा, आणि आंत्वान द व्हील नावाचा त्याचा सरदार शिड्या लावून खरंच चढला. आपल्याकडच्या कातळकडे चढणाऱ्या पोरांना हे ऐकून बरं वाटतं. मुलगी आता गाडीत आहे, नकाशा तिच्याकडे द्या, तुम्ही मागे बसून बाहेर बघा. तुम्ही इतके महिने गिरवत बसलात तो रस्ता हा आहे.

खिंड ओलांडली की उत्तर मागे राहते. गवत पिवळं होतं, हवा कोरडी, मातीला सुगंधी झुडपांचा वास. लॅव्हेंडरची जांभळी शेतं मात्र सप्टेंबरात शोधू नका; फुलं जूनच्या मध्यापासून जुलैत असतात, तोवर सगळं कापून झालेलं असतं. कुणी फोटो दाखवून आशा लावली असेल तर आधीच सोडून द्या. सिस्तरों या गावी मुक्काम करा.

सिस्तरोंहून दोन वाटा फुटतात. एक, दीन्य, कास्तेलान, ग्रास असा नेपोलियनचा रस्ता, साधारण दोनशे किलोमीटर, थांबे सोडून चार तास, आणि कास्तेलाननंतर वळणंच वळणं. ग्रासच्या अलीकडे पा द ला फाय नावाची खिंड आहे, तिथून खाली भूमध्य समुद्र पहिल्यांदा दिसतो. दुसरी, ए ५१ ने एक्स-आं-प्रोव्हांस शहरापर्यंत आणि ए ८ ने नीस. अंतर जास्त, वेळ कमी, पोटाला त्रास नाही. ही निवड आज नाशिकमध्ये बसून करू नका. दोन्ही वाटांनी नीसचा मुक्काम तोच राहतो, काही बदलावं लागत नाही.

सिस्तरोंला सकाळी चहा झाला की दुरांस नदीच्या पुलावर चौघं चालत जा. पलीकडे खडकाचे थर उभे आहेत, वहीची पानं उभी धरावीत तसे, आणि इकडे किल्ला. सासूबाईंना सांगा की एका वाटेने वळणं आहेत आणि शेवटी वरून समुद्र दिसतो, दुसरीने वळणं नाहीत आणि समुद्र एकदम नीसलाच. मग त्या काय म्हणतात ते ऐका, आणि तुमच्यापैकी ज्याच्या मनाविरुद्ध उत्तर येईल त्याने मुकाट्याने मागच्या सीटवर बसायचं. यजमान असतील तर मुलीच्या नावाची नोंद गाडीच्या करारात दुसरी चालक म्हणून आधीच करून ठेवा.